लोटूभाऊची स्लाइड

३ मार्च १९९७, सोमवार

परत निगेटिव्ह! तिसऱ्यांदा.

भाऊच्या कानाच्या पाळीला आणि हनुवटीला छोटी चीर देऊन रस मीच घेतला, काचपट्टीवर मीच पसरला, मीच रंगवला. शंभर जागा मोजून बघितल्या. कुष्ठाचा एक जंतू दिसेल तर शपथ! खरं तर उड्या मारायला हव्यात. पण चेहऱ्याकडे बघावं तर हनुवटीवर दोन नव्या गाठी, आणि गालावरचे फिके चट्टे आता मानेवरून पाठीत उतरलेत. चोवीस महिने गोळ्या खाल्ल्या त्याने, एक दिवस चुकवला नाही. गोळ्यांनी अंग काळवंडलं, चट्टे जिथल्या तिथे. कुष्ठरोग केंद्रावरचे डॉक्टर म्हणतात, वेळ लागतो, अजून बघू. किती बघणार?

आज सकाळी चहा पिता पिता भाऊ म्हणाला, "आखाजी व्हयनी का मी जासू." अक्षय्य तृतीया झाली की निघणार. कुठेसा आश्रम आहे, कुष्ठरोग्यांचा. तिथे माळीकाम देतात म्हणे. ट्रक चालवणारा माणूस माळीकाम करणार! कारण एकच सांगितलं – "मनामुये पोरले कोन्ही खेयाले लेत नही." त्याची कविता सहा वर्षांची आहे. गल्लीतल्या पोरी तिला रिंगणात घेत नाहीत हे खरंच आहे.

वहिनी भाकरी थापत राहिली. माय सुपारी कातरत राहिली. "नको जाऊ" असं कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

५ मार्च

भाऊचं ताट, भाऊचा तांब्या, भाऊची गोधडी – सगळं माळ्यावर. भाऊही माळ्यावर. पत्र्याच्या खोलीत माळा म्हणजे भट्टी. मी शिकलेली, गोळ्या सुरू झाल्या की रोग पसरत नाही हे घरात सगळ्यांना मीच समजावलं. आणि साबण? साबण मी आजही स्वतःचा वेगळा ठेवते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

११ मार्च, मंगळवार

आज लॅबमध्ये एक विलक्षण गोष्ट बघितली.

पर्वत पाटियाकडच्या एका लूम कारखान्यातला बिहारी कारागीर आला होता. हाडांचा सापळा नुसता, आणि पोट मात्र टम्म. दोन महिने ताप. तीन डॉक्टरांनी मलेरियाचं औषध देऊन झालेलं. आमच्या लॅबच्या नायकसाहेबांनी पोटावर हात ठेवला, डावीकडे बेंबीपर्यंत आलेली प्लीहा लागली, आणि विचारलं – गाव कुठलं? तो म्हणाला, मुझफ्फरपूरकडे. साहेब मला म्हणाले, "रंजनाबेन, याच्या रक्ताचं पाणी काढा आणि फॉर्मॅलीनची बाटली आणा."

नळीत एक थेंब टाकला. दहा मिनिटांत ते पाणी गोठलं आणि पांढरंफेक झालं, उकडलेल्या अंड्यासारखं! नळी उलटी केली तरी सांडेना. साहेब तरुणपणी दोन वर्षं पाटण्याला होते, तिथे रोज हे करायचे म्हणाले. कालाजार. वाळूमाशी चावते, तिच्यातून जंतू अंगात जातो.

हा शब्द मी घरात ऐकला होता! भाऊ सुरतच्या साड्या भरून मुझफ्फरपूरच्या बाजारात ट्रक न्यायचा. एक्याण्णवच्या पावसाळ्यात गाडीचा आस मोडला म्हणून दीड महिना तिकडच्याच एका खेड्यात अडकला, आणि परतल्यावर सहा महिन्यांनी असाच तापाने फणफणला. पुढच्या खेपेला तिकडेच डॉक्टरांनी ओळखलं, महिनाभर सुया टोचल्या. बरा झाला, धट्टाकट्टा झाला, आम्ही सगळे विसरून गेलो.

साहेब हात धुता धुता आणखी एक वाक्य बोलले. बरा झालेल्यांपैकी काहींना दोन-तीन वर्षांनी तोंडावर फिके चट्टे येतात, मग गाठी. लोक रक्तपित्त समजतात. पण चट्ट्यावर स्पर्श कळतो.

रक्तपित्त म्हणजे इथल्या गुजरातीत कुष्ठच.

१२ मार्च

भाऊला खाली बोलावलं, डोळे मिटायला लावले. निरांजनाची कोरी वात घेतली आणि एकेका चट्ट्यावर टेकवत गेले. तो बोटाने जागा दाखवायचा. "आठे. आते आठे. आते मानवर." एकही चुकला नाही. पाठीवरचेसुद्धा!

माय दारातून बघत होती. "काय खेय लायी दिधा?" म्हणाली. मी काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायची आणि मग?

एक गोष्ट आता डोक्यात घुसलीय. चौऱ्याण्णवला जी टेस्ट पॉझिटिव्ह आली, ज्यावरून गोळ्या सुरू झाल्या, ती कुठल्या लॅबची? तेव्हा भाऊ कुणाला न सांगता परस्पर कुठल्या तरी डॉक्टरकडे जाऊन आला होता. दोन महिन्यांनी घरात बोलला. रिपोर्ट मागितला तर तेव्हाही म्हणाला हरवला, आजही तेच. कुठल्या गाढवाने ती स्लाइड वाचली कोण जाणे!

१४ मार्च

पाणी पडलं सगळ्यावर.

भाऊचं रक्त घेतलं, साहेबांना न विचारता फॉर्मॅलीन टाकलं. वीस मिनिटं, तास, दोन तास. नळी स्वच्छ. पाणी पाण्यासारखं हलतंय. म्हणजे कालाजार नाही. म्हणजे ते जे काय आहे तेच आहे.

१५ मार्च, शनिवार

साहेबांना सांगावंच लागलं. रागावतील वाटलं होतं, उलट स्टूल ओढून बसले. शनिवारी दुपारी पेशंट कमी असतात, तेव्हा त्यांच्यातला मास्तर जागा होतो. जे समजलं ते लिहून ठेवते.

अंगात परका जंतू शिरला की शरीर दोन तऱ्हांनी भिडतं. एक म्हणजे रक्तात प्रतिद्रव्य सोडतं. दुसरी तऱ्हा – पेशी स्वतः जाऊन जंतूला गिळतात आणि आत मारतात. कालाजारचा जंतू महाबिलंदर. जी पेशी त्याला गिळायला येते तिच्याच पोटात तो घर करतो. बाहेर रक्तात प्रतिद्रव्यांचा पूर आला तरी आत बसलेल्याचं काही वाकडं होत नाही. त्या बिहारी माणसाची नळी गोठली ती त्या पुरामुळेच. प्रतिकार भरपूर चाललाय आणि माणूस मरायला टेकलाय!

म्हणजे रोग किती वाढणार हे नुसत्या जंतूवर नाही, अंग कसं भिडतं त्यावर. ज्याचं अंग वेळेवर त्या पेशींना आतून मारायचा हुकूम देतं, त्याला ताप येऊन जातो, कधी तेवढंही नाही. ज्याचं देत नाही, तो झिजतो. आणि भाऊसारखे मधले. सुयांनी आणि अंगाने मिळून पोटातला जंतू साफ केला, पण कातडीत थोडे राहिले. अंगाला आता कुठे त्यांची चाहूल लागली, ती अर्धीमुर्धी. चट्टे येतात ते त्या अर्ध्यामुर्ध्या झटापटीतून. अंगभर पूर नाही, म्हणून नळी गोठली नाही.

मी विचारलं, काहींचं अंग हुकूम देतं आणि काहींचं नाही, असं का? साहेब हसले. म्हणाले, अमेरिकेत मोठमोठे लोक यावरच बसलेत, कळलं की तुला कळवतील.

मग विचारलं – भाऊच्या स्लाइडला कुठला रंग दिला? मी म्हटलं, लाल. कुष्ठाच्या जंतूंचा. दुसरा कशाला देईन? कागदावर कुष्ठ लिहिलेलं! त्या रंगात हा जंतू दिसतच नाही, साहेब म्हणाले. त्याला गीम्सा लागतो.

गीम्सा! मलेरियासाठी रोज वापरते. लाल रंगाच्या बाटलीला चिकटून ठेवलेली असते. तीन वेळा तिच्या शेजारून हात गेला माझा.

१८ मार्च, मंगळवार

पहिली स्लाइड गालावरच्या चट्ट्याची. काही नाही. दुसरी हनुवटीच्या गाठीची.

आधी थुंकीची एक टीबीची स्लाइड बघितली होती, जंतूंनी खच्चून भरलेली. म्हणून भिंग दोनदा पुसलं. तेलातून बघायचं भिंग स्लाइडला टेकतं, तेव्हा आधीच्या स्लाइडचे जंतू तेलाबरोबर पुढच्या स्लाइडवर जातात. न पुसता बघितलं की निरोगी माणूस रोगी ठरतो. हा माझा नियम आहे आणि नव्या मुलींना मी तो ओरडून ओरडून शिकवते. घाई कितीही असो. प्लेगच्या वेळी इथले सगळे गावाला पळाले, साहेब नवसारीला अडकले, पंधरा दिवस ही लॅब मी एकटीने चालवली! रोज शंभरावर स्लाइडा, साहेबांच्या वतीने सह्या माझ्या. पांडेसऱ्याचे डॉक्टर अजून म्हणतात, रंजनाबेनचं अक्षर म्हणजे छापील.

असो. दुसरी स्लाइड. चौदाव्या जागेवर एक मोठी पेशी, आणि तिच्या पोटात बारीक गोल दाणे. एकेका दाण्यात एक मोठा ठिपका, एक बारीक दांडी. सात, आठ, नऊ. साहेबांनी बघितलं. मग म्हणाले, "बेन, आ रक्तपित्त नथी."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सरळ सांगते, आनंदाने रडले, आणि मग रागाने. अडीच वर्षं!

२३ मार्च, रविवार

हिलाल आला होता. भाऊच्या गाडीवरचा क्लीनर, आता स्वतः ड्रायव्हर झालाय. नवागामच्या पलीकडच्या गल्लीत राहतो. भाऊला भेटायला येणारा तो एकटाच माणूस. तो माळ्यावर चढून भाऊच्या शेजारी बसतो, भाऊच्याच बिडीचा झुरका घेतो. माय कितीदा ओरडली असेल!

त्याला सगळं सांगितलं तर चक्रावलाच. "एकच ओट्यावर निजूत आम्ही, बहिन. त्याले चावनं आनि माले नही चावनं का?" तुलाही चावली असणारच, मी म्हटलं, तुझ्या अंगाने निस्तरलं. तो आपल्या दंडाकडे बघत राहिला, नवीनच ओळख झाल्यासारखा. मग मिशीतून हसला, म्हणाला – "तरी लोटूभाऊ माले रोज म्हने, तुना आंगमां काहीच दम नही!" भाऊ किती दिवसांनी मोठ्याने हसला.

सुया इथे सुरतेत मिळेनात. हिलाल बुधवारी माल घेऊन मुझफ्फरपूरला निघतोय, तिथून आणणार आहे. साहेबांची चिठ्ठी त्याने घडी करून टोपीत ठेवली.

तो गेल्यावर सुचलं ते लिहिते. या घराने केलं ते अगदी त्या नळीसारखंच झालं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, माळा, साबण, गोमूत्र, मायचे उपास – काय कमी प्रतिकार केला आम्ही? सगळी ताकद लावली. आणि लागली कुणाला, तर भाऊला. हिलालने काहीच केलं नाही. नुसता शेजारी बसला.

२८ मार्च

माय गल्लीत सांगत फिरतेय – "महारोग नही शे! मना पोऱ्याले महारोग नही शे!" दारोदार. परवापर्यंत जिचं तोंड बघत नव्हती तिलासुद्धा सांगून आली.

मला हे ऐकताना बरं वाटतं आणि वाटत नाहीही. कुष्ठच निघालं असतं तर? भाऊ तोच असता. गोळ्या घेणारा माणूस कुणाला काही देत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तो माळ्यावरच राहिला असता, आणि आखाजी झाली की आश्रमात. रोगाचं नाव बदललं म्हणून माणसाला खाली घेतलं. लॅबच्या बाजूलाच केंद्र आहे, तिथे रोज रांग असते. आज त्या रांगेकडे नीट बघवलं नाही.

संध्याकाळी माझा वेगळा साबण मोरीत घासून संपवून टाकला.

८ एप्रिल, पाडवा

पहिली सुई आज. मीच टोचली. चार महिने रोज एक घ्यायची. भाऊ म्हणाला, ट्रकचे हप्तेसुद्धा इतके नव्हते!

२० एप्रिल, रविवार

गाठी बसायला लागल्यात. चट्टे अजून आहेत, साहेब म्हणतात वर्षभर घेतील. मला घाई नाही, भाऊला तर मुळीच नाही.

पण एक अडलंय. कविता त्याच्याजवळ जात नाही. तो खाली जेवायला बसतो, त्याचं ताट आता सगळ्यांच्या ताटांत मिसळलं, तरी ती हाताच्या अंतरावर बसते. कुणी शिकवलं तिला? आम्हीच! साडेतीन वर्षांची होती तेव्हापासून "दूर बठ, दूर बठ." आता एका दिवसात "जवळ बस" म्हटलं तर ती बसेल कशी? वहिनीने धरून त्याच्या मांडीवर बसवायचा प्रयत्न केला तर किंचाळली. भाऊने वहिनीला थांबवलं. "राहू दे. तिनी तिनी यी."

आश्रमाचं अजून त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. पोर घाबरून जगण्यापेक्षा मी गेलेला बरा, असं वहिनीला म्हणाला. म्हणजे रोग नाही तरी जाणार! आखाजीला एकोणीस दिवस राहिले.

२७ एप्रिल

आज गंमत झाली. मी भाऊला सुई टोचत होते. कविता दाराआडून बघत होती. हळूच आली, निरांजनाची वात घेऊन. "आत्या, मी करू?" मी केलेलं ते तिने कुठून बघितलं होतं देव जाणे. भाऊने डोळे मिटले. तिने लांबूनच, हात ताणून, गालावरच्या चट्ट्यावर वात टेकवली. "आठे," भाऊ म्हणाला. मग मानेवर. मग कपाळावर. मुद्दाम एकदा चुकला तर ही खिदळली, आणि हसता हसता त्याच्या गुडघ्यावर कोपर टेकून उभी राहिली. किती वेळ ते कोपर तिथेच होतं.

वहिनी चुलीकडे तोंड करून रडत होती. मी सुईचं टोपण शोधत बसले, ते माझ्या हातातच होतं.

४ मे, रविवार

शुक्रवारी आखाजी. दोन वर्षं आमच्या वडलांची घागर चुलतभाऊ धुडकूच्या घरी भरली गेली. थोरला मुलगा जिवंत असताना! भाऊच्या हातचं पाणी पितरांना चालणार नाही असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. आज माय स्वतः धुडकूकडे जाऊन आली. "औंदा मना लोटू भरी," एवढंच म्हणाली आणि पाणी न पिता परत आली म्हणे. मायचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

भाऊने आश्रमाला पत्र लिहिलं, येत नाही म्हणून. टाकायला माझ्याकडेच दिलं. रस्त्यात दोनदा वाचलं.

९ मे, शुक्रवार. आखाजी

घागर भाऊने भरली. नवी मातीची घागर, वर खरबूज, आमरस, पुरणपोळी. कविता त्याच्या धोतराला धरून उभी.

त्याआधी सकाळी वडलांचा फोटो पुसायला मी भिंतीवरून उतरवला. दोन वर्षं तो कुणी काढलाच नव्हता. मागच्या पुठ्ठ्यात एक घडी केलेला कागद. आमच्या लॅबचा. ३० सप्टेंबर १९९४. एल. बी. पाटील, पुरुष, वय ३१. कुष्ठाचे जंतू – पॉझिटिव्ह, एक प्लस. साहेबांच्या वतीने सही. छापल्यासारखं अक्षर.

प्लेगचे दिवस. पांडेसऱ्यात पाटील किती! मला आठवतसुद्धा नाही.

दुपारी लॅब उघडून जुनं रजिस्टर काढलं. ४१२ – थुंकी, टीबी, तीन प्लस. ४१३ – एल. बी. पाटील. भिंग पुसलं नव्हतं.

परत आले. भाऊसमोर कागद ठेवला. हरवला का म्हणालास? पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुला? इतकी वर्षं माळ्यावर बसून एकदाही बोलला का नाहीस? दुसऱ्या लॅबमध्ये का नाही गेलास?

भाऊने कागदाची पुन्हा घडी घातली.

"तुनं अक्षर व्हतं. तू लिखं म्हनीसन मी मानं."